दम लागतो म्हणून बसून राहू नका : गावातल्या गावात फुप्फुसांचे पुनर्वसन किती खर्चाचे, किती फायद्याचे?

जुन्नर/आंबेगाव : विहिरीवरून हंडा आणताना तीनदा थांबावे लागते. देवळाची पायरी चढली की धाप लागते. बोलता बोलता वाक्य अर्धे राहते. घरातले म्हणतात, "वय झालं आता, बसून राहा." मग माणूस ओट्यावर बसतो, ओट्यावरून खाटेवर येतो आणि वर्षभरात खाटेलाच धरतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत असे एक तरी माणूस नाही, असे गाव शोधून सापडायचे नाही.

या दुखण्याला गावात सरसकट "दमा" म्हणतात. पण यातले बरेच रुग्ण सीओपीडीचे असतात. या आजारात श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात आणि फुप्फुसातली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. खरा दमा येतो-जातो, मधले दिवस बरे जातात. सीओपीडी मात्र हळूहळू वाढतच जातो. टीबी बरा झाल्यावर फुप्फुसावर राहिलेल्या व्रणांमुळेही अशीच धाप लागते.

या रुग्णांसाठी औषधाच्या जोडीने एक उपचार जगभर वापरला जातो. त्याला फुप्फुसांचे पुनर्वसन म्हणतात. त्याला मोठी मशीन लागत नाही, ऑपरेशन नाही. सहा ते आठ आठवडे देखरेखीखाली बेताने व्यायाम, श्वासाची पद्धत आणि आजाराची माहिती, एवढेच. तो गावातच करता आला तर खर्च किती आणि वाचते किती, याचा हा हिशोब.

आजार किती मोठा?

'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली भारतातल्या राज्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात १९९० साली सीओपीडीचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ साली ते ५ कोटी ५३ लाख झाले. म्हणजे २६ वर्षांत जवळपास दुप्पट.

हा बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार, असा समज आहे. त्याच अभ्यासाप्रमाणे भारतात या आजाराच्या एकूण भारापैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे ५३.७ टक्के, वाटा हवेच्या प्रदूषणाचा आहे. त्यात चुलीचा धूरही आला. तंबाखूचा वाटा २५.४ टक्के, तर कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराचा १६.५ टक्के. पुण्याचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ सालीच 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते की, कधीही धूम्रपान न केलेल्यांनाही हा आजार मोठ्या प्रमाणात होतो आणि लाकूड-शेणीचा धूर हे जगातले त्याचे सर्वांत मोठे कारण असू शकते.

आपल्या दोन तालुक्यांत हे पटायला वेळ लागत नाही. पश्चिमेला आहुपे, तेरुंगण, इंगळूण, आपटाळे या पट्ट्यात पावसाळ्यातले चार महिने दारे-खिडक्या लावून चूल पेटते. भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, तो धूर वेगळाच. पूर्वेला उसाचे पाचट पेटवतात, मळणीची धूळ उडते, पोल्ट्रीच्या शेडमध्ये भुसा आणि खताची धूळ असते. उज्ज्वला योजना १ मे २०१६ पासून सुरू झाली, गॅस घरात आला. पण सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून अंघोळीचे पाणी आणि भाकरी अजून कित्येक घरांत चुलीवरच होते. चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईने आयुष्यात बिडी ओढलेली नसते, पण छाती मात्र बिडी ओढणाऱ्याची होऊन बसते. "बिडी नाही, मग हे कसं?" म्हणून तिचे दुखणे वर्षानुवर्षे कुणी तपासतच नाही.

बसून राहिल्याने काय होते?

बिघडलेले फुप्फुस पूर्ववत होत नाही, हे खरे. पण धाप फक्त फुप्फुसामुळे लागत नाही. दम लागतो म्हणून माणूस चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांड्या-पिंढऱ्यांचे स्नायू आटतात. कमजोर स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त प्राणवायू लागतो. म्हणून पूर्वी शंभर पावलांना लागणारा दम आता पन्नास पावलांना लागतो. मग माणूस आणखी कमी चालतो. बैल गोठ्यात बांधून ठेवला की तो औताला चालत नाही, तसेच हे.

पुनर्वसन हे चक्र उलटे फिरवते. फुप्फुस तेवढेच राहते, पण पाय मजबूत होतात, श्वास सोडायची पद्धत सुधारते आणि दम लागल्यावरची घाबरगुंडी कमी होते. त्यामुळे त्याच फुप्फुसावर माणूस जास्त काम करू शकतो. पंप आणि गोळ्या श्वासनळी मोकळी करतात, पण पायात ताकद आणत नाहीत. दोन्ही सोबतच लागतात.

२०१५ साली जगभरातल्या ६५ चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या संस्थेचा आढावा निघाला. पुनर्वसनाने दम, थकवा, चालण्याची क्षमता आणि रोजचे जगणे सुधारते, हे त्यात इतके स्पष्ट दिसले की पुनर्वसन करावे की करू नये यावर आता आणखी चाचण्यांची गरज नाही, असे संपादकांनी लिहिले. प्रश्न उरला तो ते लोकांपर्यंत पोहोचवायचे कसे, हा.

पैशाचा हिशोब : बाहेरच्या देशांत काय दिसले?

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये २०० रुग्णांवर झालेला अभ्यास २००० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. निम्म्या रुग्णांना सहा आठवडे पुनर्वसन दिले, निम्म्यांना नेहमीचेच उपचार. पुढच्या वर्षभरात दोन्ही गटांत भरती होणाऱ्यांची संख्या जवळपास सारखीच राहिली. पण पुनर्वसन घेतलेले रुग्ण सरासरी १०.४ दिवस रुग्णालयात राहिले, न घेतलेले २१ दिवस. खाटेवरचे दिवस निम्मे झाले. याच रुग्णांचा खर्चाचा हिशोब पुढच्या वर्षी मांडला, तेव्हा कार्यक्रमाचा खर्च धरूनही तो आरोग्यसेवेला परवडणारा ठरला.

कोणत्या उपचारावर किती पैसे घातले की किती फायदा, हे मोजायला तज्ज्ञ "चांगल्या तब्येतीचे एक वर्ष" हे माप वापरतात. एक पोते खत टाकून किती क्विंटल माल वाढला, हे बघण्यासारखेच. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी सीओपीडीच्या उपचारांची अशी उतरंड लावली. चांगल्या तब्येतीचे एक वर्ष मिळवायला फ्लूच्या लसीवर सुमारे १,००० पौंड लागतात. तंबाखू सोडवायला मदत आणि औषध दिले तर २,००० पौंड. पुनर्वसनावर २,००० ते ८,००० पौंड. रोजच्या एका प्रचलित पंपावर सुमारे ७,०००. तीन औषधांच्या एकत्रित उपचारावर मात्र ३५,००० ते १,८७,००० पौंड.

हे आकडे रुपयांत बदलून आपल्याकडे लावू नयेत. तिकडचा पगार, दवाखाना, औषधाचे भाव सगळे वेगळे. पण क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. लस, तंबाखू सोडणे आणि पुनर्वसन हे तिन्ही उपाय स्वस्तातले आहेत, आणि नेमके तेच आपल्याकडे सर्वांत कमी दिले जातात.

अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या हिशोबात, रुग्णालयातून घरी आल्यावर पुनर्वसन घेतल्यास आयुष्यभरात माणशी सुमारे ५,७०० डॉलर वाचतात, असे दिसले. तरीही तिथे १ लाख ९७ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा घरी आल्यापासून ९० दिवसांत पुनर्वसन सुरू केलेले फक्त दीड टक्का निघाले. वर्षभरात त्यांच्यातले ७.३ टक्के दगावले, बाकीच्यांतले १९.६ टक्के. अर्थात जे व्यायामाला जाऊ शकले ते मुळातच थोडे बरे असणार, म्हणून सगळे श्रेय व्यायामाला देता येत नाही. पण श्रीमंत देशातही हा उपचार लोकांपर्यंत पोहोचत नाही, हे यातून कळते. कारण साधे आहे. आठवड्यातून दोन-तीनदा दूरच्या केंद्रावर जाणे दम लागणाऱ्या माणसाला जमत नाही.

आपल्याकडचा हिशोब

आपल्याकडेही खरा खर्च व्यायामाचा नाही, अंतराचा आहे. कार्यक्रम आठ आठवड्यांचा आणि आठवड्यातून दोन वेळा धरला तर १६ फेऱ्या होतात. एसटीचे भाडे आता तितके आडवे येत नाही. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मे तिकीट, महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे. पण डोंगरातल्या वाडीतून एसटी थांब्यापर्यंत चालायचे कसे? आणि गाडी एकच असेल तर पूर्ण दिवस जातो.

मजुरीच्या मापाने बघू. २०२४-२५ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. १६ दिवस गेले तर ४,७५२ रुपये बुडाले. सोबत मुलगा किंवा सून आली तर ९,५०४. म्हणजे तालुक्याच्या गावी पुनर्वसन फुकट मिळाले तरी घराला ते साडेनऊ हजारांना पडते. ऊसतोड किंवा टोमॅटो-कांद्याच्या हंगामात तर रोज याहून जास्त असतो.

आता तेच गावात केले तर? उदाहरणादाखल धरा, दहा रुग्णांचा गट आहे. शिकलेली व्यक्ती १६ वेळा येते, तिला प्रत्येक वेळचे ५०० रुपये दिले तर ८,००० होतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, मोजपट्टी, नोंदवही आणि छापील तक्ते यांना आणखी २,००० धरू. एकूण १०,००० रुपये, म्हणजे माणशी १,०००. जागा समाजमंदिराची, खुर्च्या शाळेच्या. रुग्णाचा वेळ जातो दीड तास, सोबतीला कुणी लागत नाही. हे आकडे ढोबळ आहेत. आपल्या गावचे आकडे घालून कुणीही हा हिशोब करून बघावा.

दुसऱ्या बाजूला एक भरती मांडू. थंडीत किंवा पावसाळ्यात छाती भरली, पाच दिवस दवाखाना झाला, सोबत एक माणूस थांबला. नुसती मजुरीच १० दिवसांची, २,९७० रुपये बुडाली. १०८ ची गाडी आणि सरकारी खाट फुकट मिळाली तरी हे पैसे जातातच. खासगीत गेले तर बिल वेगळे, आणि त्यासाठी शेळी किंवा डाग मोडावा लागतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना भरतीच्या वेळी उपयोगी पडते, पण भरतीच होऊ नये यासाठीचा व्यायाम त्यात बसत नाही. वर्षात प्रत्येक रुग्णाचे रुग्णालयातले दोन-तीन दिवस वाचले तरी गावातला कार्यक्रम आपला खर्च भरून काढतो.

गावात केल्याने परिणाम कमी होतो का?

ऑस्ट्रेलियात १६६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने केंद्रात जाऊन आठ आठवडे व्यायाम केला. दुसऱ्या गटाच्या घरी प्रशिक्षित व्यक्ती एकदाच गेली, पुढे दर आठवड्याला एक असे सात फोन केले. आठ आठवड्यांनंतर चालण्याच्या क्षमतेत घरचा गट केंद्रातल्या गटाच्या मागे राहिला नाही. पण वर्षानंतर दोन्ही गटांतला फायदा बराचसा ओसरला. म्हणजे सुरुवात करणे स्वस्त आहे, पण व्यायाम सोडला की पैसे पाण्यात. गावातल्या गटाची खरी ताकद इथेच आहे. आठ आठवडे संपले तरी तीच माणसे रोज सकाळी एकमेकांना हाक मारू शकतात.

पुणे जिल्ह्यात या विषयाचा पाया आहे. पुण्याचे चेस्ट रिसर्च फाउंडेशन हे 'ग्लोबल रिचार्ज' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात होते. ब्रिटनच्या लेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने भारत, श्रीलंका, युगांडा आणि किर्गिझस्तान या देशांत परवडणारे पुनर्वसन कसे उभे करायचे, हे त्यात पाहिले गेले. शेजारच्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे ग्रामीण काम आहे. तिथे २००२ पासून परिसरातल्या २२ गावांच्या आरोग्याच्या नोंदी घरोघर जाऊन घेतल्या जातात. खेड्यातल्या श्वसनविकारांवरही तिथे संशोधन होते. म्हणजे शिकवणारी माणसे जिल्ह्यातच आहेत.

आधी तपासणी, मग व्यायाम

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी टीबीची थुंकी तपासणी करा. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. टीबी निघाला तर गटात जायचे नाही, आधी औषध पूर्ण करायचे. त्यानंतर डॉक्टरांना स्पायरोमेट्रीबद्दल विचारा. नळीत जोरात फुंकायची ही तपासणी केल्याशिवाय दमा की सीओपीडी हे नक्की सांगता येत नाही.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, छातीत दुखणारा, थुंकीतून रक्त पडणारा किंवा बसल्या जागी ऑक्सिजन ९० च्या खाली असलेला रुग्ण डॉक्टरांच्या परवानगीशिवाय व्यायाम करणार नाही.

गावातला तास कसा असतो?

- सुरुवातीला मोजमाप : सहा मिनिटांत किती मीटर चालता येते ते मोजपट्टीने मोजायचे. जागा नसेल तर एका मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता-बसता येते ते मोजायचे. आकडा वहीत लिहायचा. आठ आठवड्यांनी पुन्हा मोजायचा.

- चालणे : सपाट जागेवर १० मिनिटांपासून सुरुवात. हळूहळू २० ते ३० मिनिटे. मध्ये थांबले तरी चालते. दम लागला पाहिजे, पण चार शब्द बोलता आले पाहिजेत. गाणे म्हणता येत असेल तर वेग कमी आहे. बोलताच येत नसेल तर वेग जास्त आहे.

- पायांसाठी : हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, ओट्याच्या एका पायरीवर चढ-उतर.

- हातांसाठी : अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणे, भिंतीला हात लावून जोर.

- श्वास : नाकाने श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ सावकाश सोडायचा, फुंकर घालून दूध निववतात तसे. त्यामुळे श्वासनळी उघडी राहते आणि अडकलेली हवा बाहेर पडते. जोर लागतो त्या क्षणी, म्हणजे हंडा उचलताना, श्वास सोडायचा, कोंडायचा नाही.

- दम लागल्यावर : घाबरून आडवे होऊ नये. पुढे वाकून कोपरे गुडघ्यांवर किंवा ओट्यावर टेकवायची आणि चंबू करून श्वास सोडायचा.

- शेवटची १५ मिनिटे बोलणे : पंप बरोबर ओढता येतो का, तंबाखू-बिडी कशी सोडायची, चुलीचा धूर घराबाहेर कसा काढायचा, फ्लूची लस कधी घ्यायची, बेडक्याचा रंग बदलला तर काय करायचे.

छातीत दुखले, चक्कर आली, ओठ निळे पडले किंवा ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला की लगेच थांबायचे. बसूनही दम उतरत नसेल तर १०८ ला फोन करायचा. डॉक्टरांनी दिलेला पंप व्यायामाला येताना खिशात हवाच.

गावाने काय करावे?

आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात, त्यात दम लागतो का, खोकला किती दिवस आहे, स्वयंपाक कशावर करता, हे प्रश्न असतातच. त्या प्रश्नांना खरे उत्तर द्या. "काही नाही, ठीक आहे" म्हणू नका. उपकेंद्र आता आयुष्मान आरोग्य मंदिर झाले आहे. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे या नोंदींवरून गावातल्या दम लागणाऱ्यांची यादी मागता येते. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सीओपीडी आणि दमा हे आजार धरलेले आहेत. त्यामुळे ही मागणी नियमाबाहेरची नाही.

ग्रामसभेत तीन गोष्टी मागता येतील. आठवड्यातून दोन दिवस सकाळी समाजमंदिर किंवा शाळेचा व्हरांडा. महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टची भेट आणि मधल्या काळात त्यांचा फोन. आणि गावातली एक व्यक्ती शिकवून तयार करणे. पश्चिम पट्ट्यात पाऊस चार महिने बाहेर चालू देत नाही, म्हणून तिथे छप्पर असलेली जागाच बघावी. भातकापणी उरकली की सुरुवात केली तर आठ आठवडे सलग मिळतात. ऊसपट्ट्यात तोडीचे वेळापत्रक बघून वेळ ठरवावी.

गट होईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला असेल तर उद्या सकाळी घरापासून विजेच्या खांबापर्यंत चालायचे. किती वेळा थांबलो ते भिंतीवर कोळशाने लिहायचे. पुढच्या आठवड्यात एक थांबा कमी झाला की घरातली माणसे "बसून राहा" म्हणायची बंद होतील.